पुढची चाके, मागची चाके की चारही?
(वेगवान मोटारींच्या निमित्ताने घर्षणाचा एक धडा)



गेल्या पावसाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी हाताला प्लास्टर बांधून शाळेत भेटायला आला. वडिलांनी नुकतीच भारी किमतीची नवी गाडी घेतली होती. मित्रांना घेऊन तो सिमरोलच्या पुढच्या घाटात गेला. भुरभुर पाऊस चालू होता. एका वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवले, पण गाडी वळलीच नाही. ती सरळ गेली आणि कठड्याला धडकली. देवकृपेने हातावरच निभावले, बरोबरच्या मुलांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. चहा पिता पिता त्याने आम्हाला विचारले, "सर, गाडी तर ऑल व्हील ड्राइव्ह होती. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. मग ती घसरली कशी?"

या प्रश्नाने आम्ही थोडे अस्वस्थ झालो. त्याला घर्षणाचा धडा आम्हीच शिकवला होता आणि त्या धड्यावर त्याने पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. गुण मिळाले, पण धडा वहीतून रस्त्यावर आला नाही. त्यात दोष केवळ त्याचा आहे असे आम्हाला वाटत नाही. म्हणून या अंकात तोच धडा पुन्हा, या वेळी मोटारीच्या भाषेत मांडत आहोत. मुले मधल्या सुट्टीत ज्या गाड्यांवर तासन्‌तास वाद घालतात, त्याच गाड्या उदाहरणाला घेतल्या आहेत.

एक खुलासा आधीच करतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घर्षण, बल, जडत्व हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच, त्यामुळे तिथे अडचण नाही. मोटारीच्या भागांची नावे मात्र हिंदीतही इंग्रजी आणि मराठीतही इंग्रजीच. गॅरेजमध्ये जो शब्द चालतो तोच इथे वापरला आहे.

इंजिनापासून चाकापर्यंत

इंजिन फिरते, पण गाडी पुढे जाते ती चाकाने रस्त्याला मागे ढकलले म्हणून. इंजिनाचा जोर क्लच आणि गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत पोहोचतो. तो कोणत्या चाकांपर्यंत पोहोचवायचा, एवढाच आपला आजचा प्रश्न आहे.

आमच्या पिढीला आठवणाऱ्या अॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत इंजिन पुढे होते आणि जोर मागच्या चाकांना मिळे. त्यासाठी गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा मागे जाई. ही झाली रिअर व्हील ड्राइव्ह. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिच्यात इंजिन आडवे बसवलेले होते आणि जोर पुढच्याच चाकांना मिळे. लांब दांडा गेला, वजन घटले, आत पाय ठेवायला जागा झाली. ही झाली फ्रंट व्हील ड्राइव्ह. इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरवण्याची ही रचना जगभर रूढ झाली ती १९५९ च्या ब्रिटिश मिनी गाडीमुळे. तिचे रचनाकार होते अॅलेक इसिगोनिस. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्या याच वाटेने गेलेल्या आहेत. तिसरा प्रकार ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर.

इथे डिफरन्शियल या भागाची ओळख करून घ्यायला हवी. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापते आणि आतले कमी. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर त्यांतले एक फरफटेल. डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता येते. पण साध्या डिफरन्शियलमध्ये एक खोट आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात नुसतेच फिरू लागले, तर त्याला जेवढा थोडा जोर पेलतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. वेगवान गाड्यांत म्हणून चाकांच्या गतीतला फरक मर्यादेत ठेवणारा खास डिफरन्शियल बसवतात.

पकड हा महिन्याचा पगार आहे

आता मुख्य मुद्दा. मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार टायरच्या चार पट्ट्यांपुरता. एक पट्टी जेमतेम तळहाताएवढी असते. गाडी वेग घेते, थांबते, वळते ते सारे या चार तळहातांच्या जोरावर.

प्रत्येक टायरची पकड किती? टायरवर पडणारा भार गुणिले घर्षणाचा गुणांक. चांगला टायर आणि कोरडा डांबरी रस्ता असेल तर हा गुणांक साधारण १ धरता येतो. रस्ता ओला असेल तर सुमारे ०.५ आणि बर्फ असेल तर ०.१ च्या आसपास. या सूत्रात इंजिनाची ताकद कुठेही नाही. कोणत्या चाकांना जोर मिळतो, हेही त्यात नाही.

ही पकड म्हणजे घरात येणारा महिन्याचा पगार समजा. तो तीन ठिकाणी खर्च होतो: वेग वाढवणे, वेग कमी करणे आणि वळणे. एकीकडे जास्त खर्च केला की दुसरीकडे कमी उरतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी सांगतो, की हा हिशोब साध्या बेरजेचा नसून पायथागोरसच्या प्रमेयाचा आहे, कारण पुढे ढकलणारे बल आणि वळवणारे बल एकमेकांशी काटकोन करतात. टायरची ८० टक्के पकड वळण्यात गेली, तर वेग वाढवायला किंवा ब्रेकला ६० टक्के उरते. पूर्ण १०० टक्के वळण्यात गेली, तर बाकी शून्य. त्या क्षणी अॅक्सिलरेटर दाबला किंवा ब्रेक मारला की टायर घसरलाच.

वजन मागे सरकते

आमच्या लहानपणी एका लग्नाहून परतताना आमच्या काकांची अॅम्बॅसेडर चिखलात रुतली. मागची चाके गरगर फिरत, पण गाडी हलेना. ड्रायव्हरने पुढच्या सीटवरच्या दोघांना मागे बसवले, आणखी एकाला मागच्या बंपरवर उभे केले, आणि गाडी हळूच बाहेर आली. तेव्हा ती आम्हाला जादू वाटली होती. पुढे कॉलेजात सूत्र समोर आले तेव्हा उमगले, की त्या ड्रायव्हरने मागच्या टायरवरचा भार वाढवून पकड वाढवली होती.

गाडी वेग घेते तेव्हा हे काम काही प्रमाणात आपोआप होते. बस एकदम सुटली की आपण मागे झुकतो, तसा गाडीचाही भार मागच्या चाकांवर सरकतो आणि पुढची चाके हलकी होतात. किती भार सरकेल, हे गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर किती आहे यावर ठरते. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि चाकांमधले अंतर अडीच मीटर धरून आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. इंजिन हवे तेवढे ताकदवान आहे असे मानले. म्हणजे मर्यादा राहिली ती फक्त टायरची. ताशी ० ते १०० किलोमीटर वेग गाठायला लागणारा वेळ असा आला:

कोरडा रस्ता
• पुढची चाके फिरणारी, पुढे ६० टक्के वजन असलेली गाडी: सुमारे ५.७ सेकंद
• मागची चाके फिरणारी, वजन निम्मे-निम्मे असलेली गाडी: सुमारे ४.५ सेकंद
• मागची चाके फिरणारी, इंजिनही मागे आणि मागे ६० टक्के वजन असलेली गाडी: सुमारे ३.८ सेकंद
• चारही चाके फिरणारी गाडी: सुमारे २.८ सेकंद

ओला रस्ता, त्याच क्रमाने
• १०.४, १०.२, ८.५ आणि ५.७ सेकंद

या आकड्यांकडे नीट पाहा. कोरड्या रस्त्यावर मागची चाके पुढच्यांना सहज हरवतात, कारण सरकणारा भार त्यांच्याच मदतीला येतो. ओल्या रस्त्यावर गाडीला मुळात जोरात सुटताच येत नाही, म्हणून भारही कमी सरकतो आणि पहिल्या दोन्ही गाड्या जवळजवळ बरोबरीत येतात. बर्फावर हाच हिशोब केला, तर नाकावर इंजिनाचे ओझे असलेली पुढच्या चाकांची गाडी निम्म्या-निम्म्या वजनाच्या गाडीपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त जोर लावू शकते. म्हणजे "कोणती रचना सरस?" या प्रश्नाला "रस्ता कोणता?" असे विचारल्याशिवाय उत्तर नाही. चारही चाके फिरणारी गाडी मात्र सुटण्याच्या शर्यतीत सगळीकडे पुढे आहे, आणि रस्ता जितका निसरडा तितकी तिची आघाडी मोठी.

खऱ्या गाड्यांचे आकडेही हेच सांगतात. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीची एम-५ ही गाडी पुढे इंजिन असलेली. २०११ च्या एम-५ मध्ये फक्त मागची चाके फिरत आणि ती ० ते १०० ला सुमारे ४.४ सेकंद घेई. २०१७ च्या एम-५ ला चारही चाकांचा जोर मिळाला आणि हा वेळ ३.४ सेकंदांवर आला. इंजिनाची ताकद ५६० वरून ६०० अश्वशक्ती झाली होती, पण एक सेकंदाचा फरक तेवढ्याने पडत नाही. याउलट पोर्शे ९११ पाहा. १९६३ साली ही गाडी प्रथम दाखवली गेली तेव्हापासून तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते. तिच्या २०१९ च्या कॅरेरा एस या मॉडेलला ३.७ सेकंद लागत आणि चारही चाके फिरणाऱ्या ४ एस ला ३.६. फरक फक्त एक दशांश सेकंदाचा. इंजिनाचे ओझे आधीच मागच्या टायरवर बसलेले असल्याने कोरड्या रस्त्यावर पुढच्या चाकांच्या मदतीची तिला फारशी गरजच नसते. शिवाय त्या मदतीसाठी सुमारे ५० किलो जादा वजन वाहावे लागते.

वळणावर कोण कसे वागते

पुढच्या चाकांच्या गाडीत पुढच्या टायरला दोन नोकऱ्या कराव्या लागतात, ओढण्याची आणि वळण्याची. वळणात अॅक्सिलरेटर जास्त दाबला की पगार संपतो आणि गाडी वळण सोडून सरळ बाहेर जाऊ लागते. याला अंडरस्टियर म्हणतात. मागच्या चाकांच्या गाडीत कामाची वाटणी असते, पुढची चाके वळवतात आणि मागची ढकलतात. म्हणून स्टिअरिंगमध्ये रस्ता स्वच्छ जाणवतो आणि कसलेल्या चालकांना ही रचना आवडते. पण मागच्या टायरचा पगार संपला तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी भिंगरीसारखी फिरू शकते. हे ओव्हरस्टियर. अंडरस्टियरमध्ये नवख्याने पाय सैल केला, की पुढच्या टायरला बहुधा पुन्हा पकड मिळते. ओव्हरस्टियर सावरायला मात्र सराव लागतो. रोजच्या गाड्यांत पुढच्या चाकांची रचना अधिक का दिसते, याचे जागा आणि खर्च यांच्या जोडीला हेही एक कारण आहे.

पुढच्या चाकांच्या गाडीला वेगवान गाडीच म्हणू नये, असे काही मुले म्हणतात. त्यांच्यासाठी एक आकडा. २०२३ मध्ये होंडा सिव्हिक टाइप-आर या पुढच्या चाकांच्या गाडीने जर्मनीतील नुरबुर्गरिंगचा २०.८३२ किलोमीटरचा डोंगरी ट्रॅक ७ मिनिटे ४४.८८१ सेकंदांत पार केला. चांगला डिफरन्शियल, चिकट टायर आणि विचारपूर्वक केलेले सस्पेन्शन असेल तर तथाकथित कमजोर रचनाही कुठवर जाते, ते यावरून कळावे.

इतिहासाची साक्ष

फळ्यावरचा हिशोब मैदानावर टिकतो का? मोटार शर्यतींच्या इतिहासातील तीन प्रसंग पाहू.

पहिला प्रसंग मॉन्टे कार्लो रॅलीचा. हिवाळ्यात आल्प्स पर्वतातील बर्फाळ घाटांतून ही स्पर्धा होते. १९६४, १९६५ आणि १९६७ या तीन वर्षी तिथे चिमुकल्या मिनी कूपर एस गाडीने बाजी मारली. समोर तिच्याहून कितीतरी ताकदवान गाड्या होत्या. पण बर्फावर ताकद रस्त्यावर उतरेल तेव्हा कामाची. नाकावर वजन आणि पुढच्या चाकांची ओढ, म्हणजे वरच्या १५ टक्क्यांचाच हा खेळ.

दुसरा प्रसंग आउडी कंपनीच्या क्वाट्रो गाडीचा. १९७७ च्या सुमारास फिनलंडच्या बर्फात चाचण्या चालू होत्या. तिथे जर्मन लष्करासाठी बनवलेली इल्टिस नावाची चारही चाकांची जीपसारखी गाडी होती. तिची ताकद जेमतेम ७५ अश्वशक्ती, तरी ती बर्फावर त्यांच्या जास्त ताकदीच्या गाड्यांना मागे टाकू लागली. योर्ग बेन्सिंगर या अभियंत्याने ते हेरले आणि विचारले, की हीच रचना वेगवान रस्त्यावरच्या गाडीत का नको? मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात २०० अश्वशक्तीची क्वाट्रो उभी राहिली. १९८१ मध्ये हान्नू मिक्कोला यांनी तिच्यावर स्वीडनची रॅली जिंकली. त्याच वर्षी इटलीच्या सानरेमो रॅलीत क्वाट्रो घेऊन फ्रान्सच्या मिशेल मूतों पहिल्या आल्या. जागतिक रॅली स्पर्धेतील फेरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. मोटारीच्या गप्पांपासून दूर बसणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे. १९८२ मध्ये आउडीने कंपन्यांचे विजेतेपदही मिळवले.

सगळ्यांना वाटले, दोन चाकांचे दिवस संपले. पण १९८३ मध्ये इटलीच्या लान्चिया कंपनीने फक्त मागची चाके फिरणारी, हलकी ०३७ गाडी उतरवली. त्या वर्षी मॉन्टे कार्लोचे रस्ते बरेचसे कोरडे होते. वाल्टर रोर्ल यांनी ती स्पर्धा जिंकली आणि वर्षअखेर लान्चियाने आउडीला अवघ्या २ गुणांनी मागे टाकून कंपन्यांचे विजेतेपद घेतले. कोरड्या रस्त्यावर हलकेपणा कामी आला. मात्र त्यानंतर दोन चाकांच्या गाडीला हे विजेतेपद पुन्हा मिळाले नाही. रॅलीचे रस्ते खडीचे, चिखलाचे आणि बर्फाचे असतात आणि तिथे चार चाकांना तोड नाही.

तिसरा प्रसंग फॉर्म्युला वनचा. १९६१ मध्ये इंग्लंडच्या ओल्टन पार्क ट्रॅकवर स्टर्लिंग मॉस यांनी फर्ग्युसन पी-९९ ही चारही चाकांची गाडी पहिली आणली. ती शर्यत विश्वविजेतेपदाच्या मालिकेतील नव्हती. पुढे १९६९ मध्ये लोटस, मात्रा आणि मॅक्लारेन या कंपन्यांनी चारही चाकांच्या गाड्या विश्वविजेतेपदाच्या शर्यतींत उतरवल्या. अपेक्षा मोठी होती, पण पूर्ण वर्षात त्या गाड्यांना मिळून एकच गुण मिळाला. का? जादा दांडे आणि डिफरन्शियल यांचे वजन वाढले, पुढची चाके दोन नोकऱ्यांत अडकून गाडी वळेना. त्याच सुमारास गाड्यांवर पंख बसू लागले होते. हवा गाडीला खाली दाबते, त्यामुळे वजन न वाढवता टायरवरचा भार वाढतो. रुंद टायर आणि पंख यांनी जे काम केले, त्यासाठी चार चाकांचे ओझे नको झाले. १९८३ पासून तर फॉर्म्युला वनच्या नियमांतच चार चाकांच्या जोराला बंदी आहे.

तिन्ही प्रसंगांत जिंकले कोण? ज्याने त्या दिवशीच्या रस्त्याची पकड ओळखली, तो.

मग ती गाडी घसरली कशी?

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. चारही चाकांचा जोर कामाला येतो तो गाडी पुढे नेताना. थांबताना काय? ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात, मग ती मारुती ८०० असो की पोर्शे. ओल्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर थांबायला सुमारे ५० मीटर घेते. कोरड्यावर हेच अंतर २५ मीटर. या गणितात ड्राइव्ह कुठेही येत नाही. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी २२ मीटर मिळवावे.

वळण्याचेही तेच. घाटातील वळणाची त्रिज्या ५० मीटर धरा. कोरड्या रस्त्यावर ते वळण घेण्याची अगदी कमाल मर्यादा ताशी सुमारे ८० किलोमीटर येते, ओल्यावर सुमारे ५६. हा वेग ओलांडला, की जगातील कोणतीही गाडी सरळ जाणार. मर्यादा अभिकेंद्री बलाची आहे आणि ते बल फक्त टायर देतात.

उलट चारही चाकांच्या गाडीत एक छुपा धोका आहे. साध्या गाडीत ओल्या रस्त्यावर पाय जरा जास्त पडला, की चाक क्षणभर फिरते, गाडी कुरकुर करते आणि चालकाला इशारा मिळतो की रस्ता निसरडा आहे. चार चाकांच्या गाडीत ही कुरकुर होत नाही. ती तशाच शांतपणे वेग घेते. चालकाला वाटते, रस्ता ठीक आहे. रस्ता ठीक नाही, हे त्याला कळते ते पहिल्या ब्रेकला किंवा पहिल्या वळणाला. तोवर वेग हाताबाहेर गेलेला असतो. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच घडले. त्याच्या गाडीने त्याला फसवले नाही, त्याने गाडीकडून नको ते अपेक्षिले. आम्ही हे समजावले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, हे तर आम्ही नववीत शिकलो होतो."

बर्फाळ देशांत हिवाळ्याचे खास टायर लावतात. असे टायर लावलेली पुढच्या चाकांची साधी गाडी उन्हाळी टायरच्या चार चाकांच्या गाडीपेक्षा बर्फावर लवकर थांबते. सुटताना चार चाके आणि थांबताना टायर, एवढे सूत्र पाठ केले तरी पुरे.

विजेच्या गाड्या

विजेच्या गाड्यांनी हा विषय पुन्हा ताजा केला आहे. पुढे एक मोटर आणि मागे एक मोटर बसवली, की मधला लांब दांडा लागतच नाही आणि कोणत्या चाकांना किती जोर द्यायचा हे संगणक क्षणार्धात ठरवतो. भारतातही २०२५ मध्ये टाटा हॅरिअरची दोन मोटरींची विजेवरची गाडी आली. २०२४ च्या अखेरीस दाखवलेल्या महिंद्रा बीई-६ मध्ये जोर मागच्या चाकांना आहे. म्हणजे अॅम्बॅसेडरची वाट नव्या रूपात परत आली. पण संगणक पगार वाटून देऊ शकतो, वाढवू शकत नाही.

इंदूरकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्टही सांगायला हवी. मोटारींच्या चाचणीसाठीचा नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान ट्रॅक आपल्या शेजारी पीथमपूरला आहे. जून २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ज्यांना गाडीचा कमाल वेग पाहायचा आहे त्यांनी अभियंता व्हावे आणि तिथे जाऊन पाहावा. घाट ही त्याची जागा नव्हे.

प्रत्येकासाठी थोडे काम

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. एक लाकडी फळी घ्या, तिच्यावर जुन्या टायरचा किंवा चपलेचा रबरी तुकडा ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. तुकडा ज्या कोनाला घसरेल त्या कोनाचे टॅन म्हणजे घर्षणाचा गुणांक. ४५ अंशाला घसरला तर १, साधारण २७ अंशाला घसरला तर ०.५. आता फळी ओली करून पुन्हा करा. मग साबणाचे पाणी लावून करा. तिन्ही कोन वहीत लिहून प्रयोगशाळेत आणावेत. उत्तम नोंदी शाळेच्या फलकावर लावू.

पालकांसाठी एक विनंती. मुलाला अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळण्याआधी किल्ली देऊ नये, हे आम्ही दरवर्षी सांगतो. यंदा एवढेच जोडतो, की गाडी घेताना मुलाच्या हट्टाखातर चार चाकांच्या जोरासाठी जादा पैसे मोजण्याआधी तुमचा नेहमीचा रस्ता कोणता ते पाहा. शेताची चिखलवाट किंवा कच्चा चढ असेल तर जरूर घ्या, ती तिथे उपकार करील. राजवाडा ते विजयनगर एवढाच प्रवास असेल, तर तेच पैसे चांगल्या टायरवर खर्च करा. टायरच्या खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या छोट्या खुणा असतात. टायर झिजून त्या खुणांच्या बरोबरीला आला, की तो बदलायचाच.

आणि विश्वस्त मंडळाला एक नम्र निवेदन. आपल्या शाळेच्या बसेस मागच्या चाकांवर चालतात आणि दर पावसाळ्यात सहलीसाठी घाट उतरतात. त्यांत आपली मुले असतात. दरवर्षी टायरचा खर्च दिवाळीनंतरच्या अंदाजपत्रकात येतो. तो यापुढे मे महिन्यात मंजूर व्हावा, म्हणजे पहिल्या पावसाआधी सर्व बसच्या टायरची तपासणी करून झिजलेले टायर बदलता येतील. या लेखातले सारे गणित आम्ही मांडले ते शेवटी या एका मागणीसाठीच, असे समजले तरी आमची हरकत नाही.

आमच्या त्या माजी विद्यार्थ्याचे प्लास्टर आता निघाले आहे. येत्या सत्रात नववीच्या वर्गात घर्षणाचा धडा सुरू होईल तेव्हा पहिला तास त्याने घ्यावा, असे आम्ही त्याला सांगितले आहे. तो कबूल झाला आहे.

सर्वांना सुरक्षित प्रवासाच्या शुभेच्छा.

— प्राचार्य